दिरहॅम साडेचोवीस झाला, कर्ज काढून पाठवू का?

2026 च्या सुरुवातीला शारजाहून आलेलं पत्र थोडं छोटं करून देते आहे. पत्रातले आणि उत्तरातले भाव तेव्हाचे आहेत.

‘ताई, मी संगमेश्वर तालुक्यातला. 2015 पासून इथे एसीच्या कामावर आहे, आता सुपरवायझर. पगार 6,500 दिरहॅम, बेसिक त्यातला 3,500. दर महिन्याला 2,500 घरी पाठवतो. डिसेंबरात दिरहॅम साडेचोवीस रुपयांवर गेला तेव्हा खोलीतल्या दोघांनी पर्सनल लोन काढून एकरकमी पैसे गावी पाठवले. बँकेचा माणूस मलाही रोज फोन करतोय. 60,000 दिरहॅम, चार वर्षं, व्याज फक्त पावणेचार टक्के. धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, आता तुझी चांदी आहे, या उन्हाळ्यात स्लॅब टाकून घेऊ.” मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या वर्षी तिला जर्मनीला एमएसला जायचंय. बायको म्हणते घाई करू नका. काय करू? डॉलर शंभरला जाईल का? तसं असेल तर थांबू का?’

भाऊ, कर्जाच्या कागदांवर सही केली नसेल तर करू नका. अर्ज दिला असेल तर उद्या फोन करून थांबवा. कारण पुढे सांगते, पण आधी त्या ‘चांदी’चा हिशेब करू, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तोच शब्द टोचला.

2025 सुरू झालं तेव्हा डॉलर साधारण साडेपंच्याऐंशीला होता, म्हणजे दिरहॅम तेवीस रुपये तीस पैसे. तुमचे 2,500 दिरहॅम तेव्हा घरी 58,250 रुपये होऊन पोचत. आता साडेचोवीसने 61,250 होतात. फरक तीन हजारांचा. वर्षभर पेपरात ‘रुपयाचा नीचांक’ म्हणून जे मथळे आले, त्याचं तुमच्या घरात झालेलं रूपांतर एवढंच, महिन्याला तीन हजार. आणि त्यातून काय जातं ते वहिनींना विचारा. आपण खातो त्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, ते डॉलरात विकत घ्यावं लागतं. पेट्रोलचं कच्चं तेल तर जवळपास सगळंच बाहेरचं. रुपया घसरला की तुम्ही जास्त रुपये पाठवता आणि दुकानदार जास्त रुपये मागतो. भावाला एक्स्चेंजच्या पाटीवरचा आकडा दिसतो, तेलाच्या डब्यावरचा दिसत नाही, कारण तो डबा वहिनी आणतात.

पगार मात्र तिथेच आहे. दिरहॅमची गाठ डॉलरशी 3.6725 अशी 1997 पासून पक्की बांधलेली आहे. त्यामुळे रुपया डॉलरपुढे जेवढा घसरतो तेवढाच तुमच्या दिरहॅमपुढे घसरतो. त्यात तुमच्या कंपनीने तुम्हाला काही दिलेलं नाही. तुमचं शारजातलं खोलीभाडं, मेस, फोनचं रिचार्ज, सगळं दिरहॅमातच जातं आणि ते काही स्वस्त झालेलं नाही. तुम्ही गेलात त्या वर्षी दिरहॅम सतरा-साडेसतराला होता आणि दहा ग्रॅम सोनं सव्वीस-सत्तावीस हजारांना, म्हणजे पंधरा-सोळाशे दिरहॅमला. 2025 च्या अखेरीस दिरहॅम साडेचोवीस झाला आणि तेच सोनं एक लाख तीस हजारांच्या पुढे गेलं, म्हणजे पाच हजार दिरहॅमच्या वर. मुलीच्या लग्नाचं सोनं घेताना चांदी कुणाची झाली?

एक गंमत सांगते, विषयाला सोडून नाही. साठच्या दशकात तुमच्या शारजा-दुबईत आपलाच रुपया चालायचा. 1959 पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत असे, क्रमांकाआधी झेड अक्षर असलेल्या, किंमत इथल्या रुपयाइतकीच. जून 1966 मध्ये सरकारने डॉलरचा भाव 4.76 वरून साडेसात रुपये केला आणि तिकडच्या लोकांच्या पेटीतले पैसे एका रात्रीत तेवढेच हलके झाले. त्यानंतर त्यांनी रुपया सोडला. दिरहॅम आला तो 1973 मध्ये. म्हणजे रुपया पडल्यावर आखातात राहणारा माणूस हसतो, हे काही कायमचं नाही. हिशेब हातात कुठलं चलन आहे आणि खर्च कुठल्या चलनात आहे यावर ठरतो. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं याच एका धाग्यावर आहे.

आता कर्ज. बँकेच्या माणसाने ‘पावणेचार टक्के’ सांगितलं ते फ्लॅट. म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर लागणार. 60,000 वर पावणेचार टक्क्यांनी चार वर्षांचं व्याज 9,000 दिरहॅम. हप्ता 1,437 आणि वर काही फिल्स, म्हणजे तिकडचे पैसे. उतरत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सात टक्क्यांच्या आसपास जातो. त्याला एवढंच विचारा, ‘रिड्यूसिंगने किती?’ फोनवर थोडा वेळ शांतता पसरेल.

साठ हजार आज पाठवले तर घरी 14 लाख 70 हजार पडतील. त्यासाठी चार वर्षांत तुम्ही फेडणार 69,000 दिरहॅम. आता उलटं धरा. कर्ज काढलं नाही, हप्त्याचे तेच 1,437 दर महिन्याला घराच्या खात्यात पाठवत गेलात, तर तेवढेच 14 लाख 70 हजार जमायला दिरहॅमचा सरासरी भाव किती हवा? 21 रुपये 30 पैसे. म्हणजे डॉलर सव्वाअठ्ठ्याहत्तर. चार वर्षं सरासरीने डॉलर अठ्ठ्याहत्तरच्या खाली राहिला तरच तुमचं कर्ज फायद्याचं. डॉलर अठ्ठ्याहत्तरला शेवटचा दिसला तो 2022 च्या मध्याला. 2011 मध्ये तो पंचेचाळीसच्या आसपास होता, 2025 च्या अखेरीस नव्वद झाला. मधे चढउतार झाले, पण तो कुठल्या दिशेने चालत आलाय ते सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. ‘रुपया पडतोय म्हणून कर्ज काढतो’ असं म्हणणारा माणूस खरं तर रुपया वर येणार यावर पैज लावत असतो. तुमच्या खोलीतल्या दोघांना हे कुणी सांगितलं नसावं.

तुम्ही म्हणाल, चार वर्षांत चिरा, सिमेंट, मजुरी वाढेल त्याचं काय? वाढेल, खरं आहे. तो मुद्दा मी खोडत नाही. पण त्याच्यासमोर दुसरा आकडा ठेवा. मी बँकेत बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ एनआरआय काउंटरला, चिपळूणजवळच्या शाखेत. ऑगस्ट 2013 मध्ये डॉलर 68.80 ला गेला, दिरहॅम पावणेएकोणीसला टेकला, तेव्हा काउंटरवर नुसती झुंबड होती. त्यात दोघे मला अजून आठवतात.

एकाने अबुधाबीत कर्ज काढून सगळे पैसे त्या आठवड्यात पाठवले होते. खोटं कशाला सांगू, भावात त्याचं साधलं. पुढच्या मे महिन्यात दिरहॅम सोळावर आला होता, तो छाती काढून फिरत होता. पण त्यानंतर सहा महिन्यांनी साइटचं काम संपलं आणि याला घरी बसवलं. ग्रॅच्युइटी बँकेने आधी आपल्याकडे वळवली, उरलेलं कर्ज फेडायला त्याने इथली एफडी मोडली. भावात कमावलेलं सगळं त्यात गेलं आणि वर बायकोच्या बांगड्या गेल्या. त्या बांगड्यांवरचं तारण कर्ज मीच मंजूर केलं, म्हणून नक्की माहीत आहे.

दुसरा उलट. त्याने घाई केली नाही, त्याने थांबायचं ठरवलं. ‘मॅडम, दिरहॅम वीस झाला की एकदम पाठवतो.’ पैसे तिकडे बिनव्याजी खात्यात पडून. दिरहॅम वीस झाला, पण तो ऑक्टोबर 2018 मध्ये. पाच वर्षं! तेवढ्यात त्याच्याच वाडीतल्या माणसाने दर महिन्याला गुपचूप पाठवून एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या इथल्या रुपया खात्यात, एफडी केल्या होत्या आणि व्याजावर करही भरला नव्हता, कारण एनआरईच्या व्याजाला इथे कर नाही. तुमच्या ‘थांबू का?’ला माझं उत्तर तोच वाडीतला माणूस. डॉलर शंभरला कधी जाईल ते सांगणारे तुमच्या मोबाईलवर रोज भेटतील. त्यांच्यातला एकही तुमचा हप्ता भरायला येणार नाही.

पहिल्या माणसाची गोष्ट तुमच्या आकड्यांत बसवून बघा. कर्ज घेऊन एक वर्ष झालं आणि नोकरी गेली असं धरा. तेव्हा कर्ज राहिलेलं असेल साडेसेहेचाळीस हजारांच्या आसपास. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांची दर वर्षाला 21 दिवस, पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवस, तीही बेसिकवर. बारा वर्षांचे 315 दिवस होतात, 3,500 बेसिकने 36,750 दिरहॅम. अकरा-बारा वर्षं उन्हात गच्चीवर चढून जे साठलं ते पूर्ण गेलं, तरी बँकेचे दहा हजार बाकी. आणि बाकी ठेवून विमानतळावर गेलात तर काय होऊ शकतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. वहिनी घाई करू नका म्हणतात ते उगाच नाही.

भावाचा प्रश्न जरा नाजूक आहे. त्याला ‘नाही’ म्हणू नका, त्याला रुपयांत आकडा द्या. आत्तापर्यंत तुम्ही दिरहॅम ठरवता आणि घरी रुपये कमी-जास्त पोचतात. हे उलटं करा. ‘घरखर्चाला 58,000 रुपये येतील, दिरहॅम तेवीस असो नाहीतर पंचवीस’ असं एकदा सांगून टाका. आजच्या भावाने त्याला 2,370 दिरहॅम लागतात, राहिलेले 130 तिकडे वेगळे टाका. घराच्या रकमेचंही तसंच, वेगळी, ठरलेली, दर महिन्याला पगार झाला की दुसऱ्या दिवशी. यात एक सोय आहे. एक्स्चेंजची पाटी बघायचं काम भावाकडून निघून जातं. त्याला त्या पाटीशी काही देणंघेणंच उरत नाही. पहिला महिना दीड महिना तो फुगून बसेल, मग सवय होईल. माझ्या काउंटरवर घरं मोडलेली मी दरामुळे कमी आणि ‘तू एवढे कमावतोस तरी’ या वाक्यामुळे जास्त बघितली.

पाठवताना एकच प्रश्न विचारत चला, ‘2,500 दिरहॅम दिले तर खात्यात नेमके किती रुपये पडतील?’ फी शून्य अशी पाटी लावणारा ती भावात वसूल करतो. भावात पंधरा पैशांचा फरक म्हणजे तुमच्या रकमेवर 375 रुपये. दोन-तीन ठिकाणी विचारा, अॅपवर बघा, पण त्यासाठी शुक्रवारची अर्धी दुपार घालवू नका. आणि खोलीत कुणी ‘तीस पैसे जास्त देतो, उद्या सकाळी घरपोच’ म्हणत असेल तर ती हुंडी, म्हणजे बँकेबाहेरून चोरून पाठवणं. पैसे पोचतातही कधीकधी. पण ते कुठून आले याचा कागद तुमच्याकडे नसतो आणि तो कागद घराचं खरेदीखत करताना, मुलीच्या व्हिसाला बँक स्टेटमेंट दाखवताना, किंवा आयकराने विचारलं तर हवा असतो. ते तीस पैसे फार महाग आहेत.

पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत म्हणून विचारते. पैसे कुठल्या खात्यात जातात? गेलात त्याआधीचं गावच्या बँकेतलं साधं बचत खातंच अजून चालू असेल तर ते नियमाला धरून नाही, परदेशी राहणाऱ्याने ते एनआरओत, म्हणजे त्याच्या इथल्या उत्पन्नासाठी असलेल्या खात्यात, बदलून घ्यायला हवं. आणि तिकडून येणारा पैसा एनआरईत यायला हवा. एनआरओच्या व्याजावर बँक तीस टक्के कर आणि वर उपकर कापते, एनआरईत काही कापलं जात नाही आणि ते पैसे उद्या लागले तर परत बाहेर नेता येतात. शाखेत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घेऊन गेलात की काम होतं. वहिनींचं नाव त्यात ‘फॉर्मर ऑर सर्व्हायवर’ अशा पद्धतीने घालता येतं, म्हणजे तुम्ही असेपर्यंत खातं तुमचं, तुमच्यामागे त्यांचं. काउंटरवरची मुलगी नवीन असली तर तिला हा शब्द माहीत नसेल, तिच्या साहेबांना विचारा.

आता मुलगी. इथे मला तुमच्यावर थोडं रागवावंसं वाटलं. रुपया पडल्याचा आनंद तुम्ही आखाताच्या बाजूने करताय आणि पुढच्या वर्षी त्याच रुपयांतून युरो विकत घेणार आहात! जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. वर्षाचे 11,904 युरो आधीच भरून ठेवायचे, त्यातले महिन्याला 992 तिला तिकडे मिळतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणाची फी नसते, त्यामुळे पालकांना ही एकच मोठी रक्कम दिसते. सप्टेंबर 2024 मध्ये युरो त्र्याण्णवच्या आसपास होता, तेव्हा याचे अकरा लाख सात हजार झाले असते. 2025 च्या अखेरीस युरो एकशेपाचला गेला, म्हणजे साडेबारा लाख. मुलीने काही केलं नाही, जर्मनीने काही वाढवलं नाही, दीड लाख मात्र वाढले.

दिरहॅमही इथे तुम्हाला पूर्ण वाचवत नाही, हे बँकेचा माणूस सांगणार नाही. 2025 च्या सुरुवातीला एक युरो साधारण 3.80 दिरहॅमला मिळत होता, वर्षाखेरीस 4.30 ला. डॉलर युरोपुढे घसरला, त्याच्याबरोबर दिरहॅमही. गावाकडे बघितलं तर तुम्ही शेठ, फ्रँकफर्टकडे बघितलं तर तुमचाही खिसा वर्षभरात हलका झालेला.

म्हणून मुलीचा पैसा रुपयांत आणूच नका. दिरहॅम रुपये होणार, मग रुपये युरो होणार, दोन्ही वेळा मधला माणूस आपलं काढून घेणार आणि वर रुपया घसरण्याचा धोका तुमचा. ती ऑक्टोबर 2027 च्या सत्राला जाणार असेल तर अजून वेळ आहे. भारतातल्या बँकेत एफसीएनआर ठेव, म्हणजे अनिवासी माणसाची परदेशी चलनातली ठेव, युरोत करता येते, किमान एक वर्षाची. तिच्या व्याजालाही इथे कर नाही. युरोवर व्याज डॉलरपेक्षा कमी मिळतं, मिळू दे. ही ठेव कमाईसाठी नाही, युरो उद्या एकशेपंधरा झाला तरी झोप लागावी म्हणून आहे. सगळे युरो एका दिवशी घेऊ नका, तीन-चार वेळा थोडे थोडे घ्या. वेळ कमी राहिला तर शारजातूनच थेट ब्लॉक्ड अकाउंटला पाठवा.

यातून तुमचा क्रम आपोआप ठरतो, मला वाटतं. आधी मुलीचे युरो, कारण त्याला तारीख आहे. व्हिसाची मुलाखत तुमच्या स्लॅबसाठी थांबणार नाही. घराला तारीख भावाने लावलेली आहे. शिवाय पाच-सहा महिन्यांचा तिकडचा खर्च दिरहॅममध्येच बाजूला असू द्या, त्याला हात लावायचा नाही, भाव तीस झाला तरी. नोकरी गेली तर तिकीट आणि भाडं रुपयांत भरता येत नाही.

तुम्ही पुढे कधी कायमचे परत आलात की तुमचा सगळा खर्च रुपयांतच होणार, तेव्हा म्हातारपणाचे पैसे आतापासून एनआरईत रुपयांत ठेवण्यात काही चूक नाही. सात टक्के व्याज आणि वर्षाला चार-पाच टक्के रुपयाची घसरण असा हिशेब करून लोक म्हणतात, ‘मग उरतं काय?’ दिरहॅममध्ये मोजलं तर दोन-तीन टक्के उरतात. पण देवरुखच्या बाजारात तुम्ही दिरहॅम देणार नाही. परत आल्यावर बँकेला लगेच कळवा, एनआरई खातं तसंच पुढे चालवता येत नाही. एफसीएनआर मात्र मुदत संपेपर्यंत राहू देतात.

आणि घर. भावाला सांगा, आधी गवंड्याकडून लेखी एस्टिमेट आणून पाठव, पाया आणि तळमजला वेगळा, वरचा मजला वेगळा. कर्जाशिवाय दोन वर्षांत तळमजला होतो का ते बघू. चिऱ्याच्या भिंती, वर तात्पुरते पत्रे, असं आपल्याकडे अर्ध्या घरांचं झालंय आणि त्यात कुणाची इज्जत गेली नाही. फक्त प्लॅन काढतानाच जिना बाहेरच्या बाजूने धरायला सांगा. जिना आत घेतलात तर स्लॅब टाकायच्या वेळी राहतं घर उकरायला लागतं. आमच्याकडे तेच झालं होतं, आणि दोन महिने आम्ही पडवीत जेवलो.